अश्कलोनचा मलिदा, तीस सेकंदांच्या हिशोबात

नवस फेडायला इस्रायलला निघालेल्या ठाण्या-पनवेलच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू मंडळींचा पहिला प्रश्न सामानाचा असतो: पोहे इथूनच न्यावेत का? न्यावेत, आणि जाड न्यावेत. कारण पुढे येईल. त्याआधी एक पाढा पाठ हवा. स्देरोत 15, अश्कलोन 30, अश्दोद 45, बीरशेबा 60, तेल अवीव 90. गाझातून रॉकेट सुटल्यावर भोंगा वाजतो, तिथून आडोशाला पोचायला त्या त्या गावाला मिळणारे हे सेकंद.

अश्दोद, अश्कलोन, बीरशेबा, दिमोना इथे कोकणातून गेलेले आपले लोक दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. प्रार्थना हिब्रूत, पण जेवताना वाढणं मराठीत. आम्ही गटाने गेलो तो बेत असा होता: शुक्रवारी दुपारी अश्कलोन, तिथेच शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस), शनिवारी अंधार पडल्यावर मलिदा, म्हणजे नवसाचा पोहे-नारळाचा गोड प्रसाद, रविवारी स्देरोत. शुक्रवारी दुपारनंतर बस-गाड्या थांबतात त्या शनिवारी रात्रीच सुरू होतात, म्हणून शुक्रवारची पोचायची वेळ चुकवून चालत नाही. अश्कलोनहून स्देरोतला रेल्वे आहे. 2013 साली उघडलेलं ते स्टेशन रॉकेट झेलेल अशा जाड काँक्रीटचं बांधलंय. पण ऑक्टोबर 2023 मधल्या हमासच्या हल्ल्यानंतर हा तुकडा बराच काळ बंद होता, तेव्हा गाडी कुठपर्यंत जाते ते आधी पाहावं. नाहीतर बस.

निघण्यापूर्वी फोनवर पिकुद हाओरेफ, म्हणजे तिथल्या नागरी संरक्षण दलाचं, ॲप घ्यायचं आणि जिथे राहणार ते गाव त्यात निवडायचं. अश्कलोनचे उत्तर आणि दक्षिण असे वेगळे विभाग आहेत. चुकीचा निवडलात तर भोंगा दुसऱ्याच्या डोक्यावरचा ऐकाल. याच ॲपवर त्या दिवशी किती माणसांनी एकत्र जमायला परवानगी आहे तेही कळतं. तणाव वाढला की ही संख्या एकदम खाली येते. पन्नास जणांच्या मलिद्याचं आमंत्रण देऊन बसलेल्यांना मग फोन करत बसावं लागतं. म्हणून यजमानांना आधीच सांगून ठेवावं की दहाच जण आले तरी नवस फिटतो. दहा पुरुषांचं मिन्यान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारी गणसंख्या, झालं की पुरे. चौकशीला 104, रुग्णवाहिकेला 101.

घरात शिरल्यावर पाहुण्याने चहाच्या आधी विचारायचं: ममाद कुठे? ममाद म्हणजे सुरक्षित खोली. 1991 च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांना ती सक्तीची झाली. सळ्यांचं काँक्रीट, बाहेर उघडणारं पोलादी दार, खिडकीवर सरकणारी पोलादी झडप. एरवी ती मुलांची झोपायची खोली असते, त्यामुळे दारात सायकल, खिडकीच्या रुळात खेळणी. चूक होते ती इथेच: झडप अर्धवट अडकते आणि सेकंद संपतात. पाहुण्यांच्या बॅगा त्या खोलीत रचू नयेत, एवढं तरी आपल्या हातात आहे. आणखी एक गोष्ट 7 ऑक्टोबर 2023 ला, हल्लेखोर घरांत शिरले तेव्हा, सगळ्यांना कळली. हे दार स्फोट अडवायला बनवलेलं आहे, माणूस अडवायला नाही. ढिगाऱ्याखालून सोडवणाऱ्यांना बाहेरून उघडता यावं म्हणून त्याला आतून कुलूप नव्हतं, आणि लोकांना तासन् तास मूठ धरून उभं राहावं लागलं.

आपल्या जुन्या मंडळींपैकी अनेकांची घरं मात्र पन्नास-साठच्या दशकातल्या चाळवजा इमारतींत आहेत, तिथे ममाद नाही. तळघरात किंवा रस्त्यापलीकडे सामायिक मिक्लात, म्हणजे बॉम्बपासूनचा आसरा, असतो. ऐंशीच्या आजींना तीस सेकंदांत तिथे पोचता येत नाही, हे साधं गणित आहे. 11 मे 2021 ला अश्कलोनमध्ये वृद्धेची देखभाल करणारी केरळची एक महिला रॉकेट पडून गेली, ती अशाच ममाद नसलेल्या घरात. अशा घरात राहणार असाल तर पर्याय जिन्याचा. तळमजला नको आणि सर्वांत वरचा मजलाही नको, डोक्यावर निदान दोन मजले हवेत. खिडकीपासून दूर, पायरीवर बसून. उघड्यावर असाल तर आडवं पडून हातांनी डोकं झाका. आवाज झाला की लगेच बाहेर धावायचं नाही, निदान दहा मिनिटं, वेगळी सूचना असेल तर तसं, थांबायचं. आयर्न डोमने (ही यंत्रणा 2011 पासून) रॉकेट हवेत फोडलं तरी तुकडे खाली पडतातच, आणि मोबाईल वर धरून चित्रीकरण करणाऱ्यांना तेच लागतात.

शब्बाथला फोन, रेडिओ बंद. मग भोंगा बंद खिडकीतून ऐकू न आल्यास? त्यासाठी ‘गल शाकेत’, शांत लहर. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी रेडिओ त्या केंद्रावर लावून ठेवायचा. दिवसभर तो मुका राहतो, इशारा आला तरच बोलतो. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ मोडता येतो, पिकुआख नेफेश, त्यामुळे भोंग्यानंतर दिवा लावला, दार ओढलं, फोन उचलला तर दोष नाही. इथे सोवळं दाखवणारे पाहुणे यजमानांच्या डोक्याला ताप होतात.

आता मलिदा. चाळीस जणांना दोन किलो जाड पोहे, चार नारळांचा चव, किलोभर साखर, वेलदोडा, बदाम-पिस्त्याचे काप. बाजूला खजूर, केळी, सफरचंद धरून पाच फळं. तिथे ओला नारळ हमखास मिळत नाही, गोठवलेला खोवलेला मिळतो. सुकं खोबरं वापरलं तर ते पोह्यांतलं पाणी ओढतं आणि मलिदा कोरडा, भुरभुरीत होतो. पोहे भिजत घालून ठेवू नयेत. चाळणीत धुऊन निथळत ठेवावेत. पातळ पोहे पाण्यात असताना भोंगा झाला तर दहा मिनिटांनी परत येईतो लापशी झालेली असते. जाड पोहे निथळत असले तर काही बिघडत नाही. गॅसची कळ हाताशी असेल तर बंद करायची, नसेल तर तसंच निघायचं.

एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, गाणं सुरू झालं की आजही कुणीतरी अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या शिळेची, रथाच्या खुणांची आठवण काढतं. ताट मात्र दाराच्या वाटेत मांडत नाहीत.

स्देरोतला पंधरा सेकंद. बसथांबेच काँक्रीटचे, बागेतली सुरवंटाच्या आकाराची नळीही आडोसाच. इथे वाहनात पट्टा न लावता, काच खाली ठेवून जाणारे लोक दिसतात: पट्टा सोडण्यात दोन-तीन सेकंद जातात म्हणून. पाहुण्याने पट्टा लावावा, पण रेडिओ हळू ठेवावा. पोलिस ठाण्याची जुनी इमारत 7 ऑक्टोबरच्या लढाईनंतर पाडली गेली. त्या जागी उभं राहून तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, म्हणतात, तेवढं म्हणावं आणि निघावं. गावाबाहेरच्या टेकडीवरून गाझा दिसतं. दुर्बीण घेऊन तिथे जायचं आम्हाला पटत नाही. पलीकडे भोंगा नाही आणि ममादही नाही.

सुक्कोथमध्ये, म्हणजे मंडपांच्या सणात, जाणार असाल तर मंडपाचं छत पाल्याचंच असतं, हे ध्यानात ठेवून मंडप दारापासून चार पावलांवर आहे ना ते पाहावं. इशारा असेल तर घरात जेवायची मुभा आहे.

उरलेला मलिदा रात्रीच वाटून टाकावा. जिन्यापर्यंतही न येऊ शकलेल्यांच्या दारी आधी. फ्रीजबाहेर ठेवला तर सकाळपर्यंत खोबरं आंबतं.