टीबी हृदयाच्या आवरणालाही होतो
आज घाटंजीकडे काकूंना भेटून आले. आडवं झालं की दम लागायचा, पायावर सूज. खोकला नाही, म्हणून टीबीचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती पाणी दिसलं, ते सुईनं काढलं आणि ६ महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या.

आज काकू घाबरलेल्या. "लघवी लाल होते वं पोरी, रक्त तं नाही?" टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा रंग तो! समजावलं तेव्हा कुठे डोस घेतला. बरं वाटलं की लोक गोळ्या सोडून कापूस वेचायला जातात, याचीच मला धास्ती. आवरण जाड होऊन हृदय आवळू लागलं तर ऑपरेशनची वेळ येते.

काकूंच्या फुप्फुसात टीबी नाही, म्हणजे तो कुणाला लागणारही नाही. तरी त्यांचा पेला वेगळा ठेवलेला! फार लागलं मनाला. सगळ्यांसमोर त्याच पेल्यानं पाणी प्यायले.