लॉग १४ : कर्दे, रामनवमी आणि दोन बोटं दोरी

मी विंडसर्फिंग शिकतेय. मागच्या दोन लॉगमध्ये ज्या ६.५ चौरस मीटरच्या शिडाला मी शिव्या घातल्या, त्या शिडाचा काही दोष नव्हता. हे आधी कबूल करते, मग बाकीचं.

रामनवमीला जोडून दोन दिवसांची सुट्टी काढली. तारीख पंचांग बघूनच ठरवली. कोकणातला जुना हिशोब माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. नवमी, म्हणजे नऊ गुणिले पाऊण, पावणेसात. सव्वासहा तास मागे गेलं की साडेबाराची ओहोटी. मिनिटं थोडी इकडेतिकडे होतात, पण बेत आखायला एवढं पुरतं. शिवाय अष्टमी-नवमीला भांग असते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखं पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. दापोलीजवळच्या कर्द्याची पुळण सपाट. उधाणाच्या ओहोटीला बोर्ड डोक्यावर घेऊन पाणी गाठेपर्यंतच दम निघतो, आणि गाठलं तरी बोर्डखालचं उभं पातं, ४४ सेंटीमीटरचा फिन, मधल्याच एखाद्या वाळूच्या उंचवट्यावर आपटतो. बोर्ड थांबतो, आपण थांबत नाही. नवमीला मात्र दुपारभर पाणी चढतं राहणार होतं, आणि खारा, समुद्राकडून येणारा वाराही नेमका त्याच वेळचा.

गाडी तीच, आपली ईको. मागच्या सीट काढून प्लायवूडचा पाट टाकलाय, खाली स्टोव्ह, पाण्याचे दोन कॅन आणि शिडांच्या पिशव्या. ४३० सेंटीमीटरचा मास्ट, म्हणजे शिडाची काठी, दोन तुकड्यांत तिरका बसतो, बोर्ड छतावर. ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड, दापोली असं येऊन एका ओळखीच्या काकूंच्या वाडीत माडाखाली गाडी लावली. रात्रीचे पैसे ठरलेले, न्हाणीघर आणि विहिरीचं पाणी त्यातच. (गाडी पुळणीवर नेऊ नका. दर सुट्टीला कुणाची तरी चाकं रुततात, भरती वर येत असते आणि अख्खं गाव ट्रॅक्टर शोधत असतं.)

सकाळी समुद्र ताटासारखा. नवशिक्याला मोह पडतो तो याच वेळी, पण तो वारा मतलई, जमिनीकडून पाण्याकडे जाणारा. किनाऱ्यावर कळत नाही, शंभर मीटर आत गेलं की परत यायला जमत नाही. मी पोहे खाल्ले आणि गप्प बसले. बाराला रामजन्म झाला, काकूंनी हातावर सुंठवडा ठेवला, आणि साडेबाराला मी वाळूत शीड चढवायला घेतलं.

वाऱ्याचं अ‍ॅप ११ नॉट म्हणत होतं. दीड वाजता पाण्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसायला लागला, म्हणजे त्याहून जास्त. एप्रिलमध्ये जमीन तापली की अ‍ॅपच्या आकड्यात मी मनातल्या मनात तीन-चार मिळवते. वारा वायव्येचा. कर्द्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे समुद्राकडे बघताना वारा उजवीकडून, थोडा तोंडावर. शिकणाऱ्याला असाच वारा हवा, काही बिघडलं तरी तो किनाऱ्यालाच आणून सोडतो. फक्त लाडघरच्या बाजूला, दक्षिणेकडे सरकत जायला होतं आणि मग शीड ओढत उलटं चालत यायचं.

पहिला पाऊण तास तसाच गेला. मांडीभर पाण्यातून बीचस्टार्ट (उभ्यानेच शीड धरून बोर्डवर चढायचं), बोर्डवर उभी, वीस-तीस मीटर, मग एक झोत आला की मागचा हात खेचला जायचा आणि मी शिडावर पालथी. दोन्ही कोपरांच्या खाली दगड झाले होते. नवरा किनाऱ्यावर शिट्टी घेऊन उभा. सुरक्षेसाठी म्हणे, पण प्रत्येक पडण्याला एक शिट्टी वाजवायची गरज नव्हती.

तिसऱ्यांदा चालत परत येताना शीड वाळूत टेकवलं आणि शांतपणे वर बघितलं. वरच्या टोकाकडची मागची कड, लीच, ताठ होती. ती थोडी सैल, लफफफ करणारी हवी, हे गोव्यातल्या कोर्समध्ये सांगितलेलं मी विसरले नव्हते, पण सैल कापड म्हणजे वाया गेलेला वारा असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शिडावर लफ, म्हणजे मास्टकडच्या कडेची लांबी, ४६६ छापलीय. ४३० चा मास्ट, म्हणजे त्याच्या बुंध्याचा वाढीव तुकडा, एक्स्टेन्शन, ३६ ला. ते बरोबर होतं. पण शीड खाली ताणणारी डाउनहॉलची दोरी मी पुलीपर्यंत ओढतच नव्हते, दोन बोटं फट राहायची. दोरी तुटेल, मास्ट मोडेल, अशी भीती. सेकंडहँड सामान घेतलं की ही भीती फुकट मिळते.

मग स्क्रू-ड्रायव्हरला दोरीचा वेढा दिला, दोन्ही पाय मास्टच्या बुंध्याला लावले आणि ओढलं. फट संपली. मास्ट आणखी वाकला, शिडाचं पोट पुढे सरकून चपटं झालं, आणि वरची कड सुटली. आता झोत आला की वरचा भाग स्वतःच उघडतो आणि जास्तीचा वारा सांडून देतो. आधी तो सगळा माझ्या मागच्या हातावर येत होता.

पोट पुढे सरकलं म्हणजे हार्नेसच्या लाइन्सही, कमरेच्या पट्ट्याचा हूक ज्यांत अडकवतात त्या बूमवरच्या दोऱ्याही, पुढे घ्यायला हव्यात. बूम, म्हणजे शीड धरायचा आडवा दांडा, दोन बोटांवर तोलून मध्य शोधला, लाइन्स जवळजवळ वीतभर पुढे गेल्या. इतके दिवस हूक अडकवला की शीड मला फिरवायचं, त्याचं कारण सापडलं.

साडेतीनला पुन्हा पाण्यात. हूक अडकवला, ढुंगण खाली सोडलं (हाच शब्द बरोबर आहे), आणि हात नुसते बूमवर ठेवले. पहिल्यांदाच वजन कमरेवर. दुसऱ्या फेरीत बोर्डच्या मधलं पातं, डॅगरबोर्ड, वर घेतला, एक पाय मागे सरकवला, आणि खालची डुबुक-डुबुक एकदम थांबली. त्या जागी कोरड्या कापडासारखी सळसळ. बोर्ड पाण्यावर आला होता. मी मोठ्याने आकडे मोजत होते, एकोणीसला घाबरून हूकसकट पुढे फेकली गेले. शिट्टी वाजली. ती वाजवणं योग्य होतं.

नंतर अशा आणखी चार फेऱ्या, सर्वांत लांबची चौतीसपर्यंत. जाइब, म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून घेतलेलं वळण, एकही नाही. प्रत्येक टोकाला पडून, शीड उलटं करून परत. पाचच्या सुमारास एक होडीवाले काका जवळून जाताना म्हणाले, “ताई, आता वारा पडेल, आत जाऊ नका.” साडेपाचला खरंच पडला.

पुढच्या वेळी पायांचे पट्टे आणि जाइबचं पहिलं वळण.

राहिली मास्टची गोष्ट. जोडण्याआधी आतला सांधा पुसला नव्हता. वाळू अडकली आणि दोन तुकडे सुटेनात. विहिरीचं पाणी ओतलं, बूम मास्टला चिमटून पिळलं, नवरा एका टोकाला आणि काकूंचा मुलगा दुसऱ्या. काही नाही. सकाळपर्यंत वाट पाहिली, तरी नाही. ईकोची लांबी पावणेचार मीटरच्या आत. ताम्हिणी चढताना छतावर सव्वाचार मीटरचा मास्ट होता आणि मागच्या टोकाला काकूंनी बांधून दिलेलं लाल फडकं.