मामाची येझदी: आधी कागद, मग क्रँक, रंग राहू दे

चाळीत मोटरसायकल दुरुस्तीला काढायची तर पहिला प्रश्न जागेचा येतो. आमची मुंबईत गिरगावातली, ठाकूरद्वारची चाळ दोन मजली, लाकडी जिन्याची. जिन्याखालच्या तिरक्या जागेत मामाची येझदी रोडकिंग २०११ पासून उभी होती. मामा चिपळूणला राहायला गेला, गाडी इथेच राहिली. तिच्यावर रद्दीचे गठ्ठे, कुणाचा तरी मोडका पाळणा, मखराच्या पट्ट्या असं साठत गेलं. मग चाळ पुनर्विकासाला जाणार असं ठरलं आणि जिन्याखालचं सामान हलवा म्हणून फळ्यावर सूचना लागली. भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला तयारच होता. मी मामाला फोन केला. तो म्हणाला, ‘तुला हवी तर घे. पण आधी आरसी बुक शोध, नाहीतर नुसतं लोखंड पुसत बसशील.’

ह्या एका सल्ल्यासाठी मी मामाची कायमची ऋणी आहे. जुन्या गाडीवर पैसे लावणारे बहुतेक लोक आधी सीट, क्रोम आणि रंग करून घेतात आणि शेवटी कागदांकडे वळतात. तेव्हा कळतं की इंजिन भलत्याच गाडीचं आहे, किंवा मूळ मालकाचा पत्ताच नाही. आरसी बुक आजीच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडलं. १९८६ची नोंदणी, एमएचच्या आधीची तीन अक्षरी नंबरप्लेट. चासीवर ठोकलेला नंबर मळाच्या थराखाली दिसेना. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून खालच्या टेम्पोवाल्याकडून थोडं डिझेल घेतलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने घासत बसले. एकेक आकडा वर आला, पुस्तकाशी जुळला. इंजिनाचा नंबरही जुळला. त्यानंतरच नट-बोल्ट खोलायचे पाने विकत घेतले.

रोडकिंग ही म्हैसूरच्या आयडियल जावाची गाडी. १९७८ साली आली आणि १९९६ला कारखाना बंद पडेपर्यंत बनत होती. एकच सिलिंडर, २५० सीसी, टू-स्ट्रोक, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर ह्यांना दांडा एकच: आत दाबून मागे वळवला की किक, परत पुढे आणला की गिअर. २०२२ला येझदी हे नाव बाजारात परत आलं, पण ती गाडी फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. तिचा एक बोल्टही इकडे उपयोगी नाही. म्हणजे सुट्या भागांसाठी जुना माल नाहीतर छोट्या कारखान्यांचा नवा माल, एवढाच पर्याय.

किक खाली जाईना. पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकात, चिकटला होता. अशा वेळी किकवर उभं राहून जोर लावायचा नाही. किकचा दाता तुटतो, रिंगा तुटतात. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑईल सारखं मिसळून ओतलं आणि तसंच मुरू दिलं. अधूनमधून पातळी बघायची, उतरली की पुन्हा थोडं ओतायचं. मग टॉपचा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवायचं. एका संध्याकाळी चाकाबरोबर आतून ‘कच्च’ आवाज आला आणि पिस्टन सुटला.

टाकी आतून गंजाने लाल झाली होती. समुद्र पाच मिनिटांवर असताना दुसरं काय होणार! मूठभर नट-बोल्ट आत टाकून हलवली, मग लिंबूसत्त्व घातलेल्या कोमट पाण्याने भरून ठेवली, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. धुतल्यावर लगेच कोरडी करून पेट्रोल-ऑईलने आतून ओली करावी लागते, नाहीतर मुंबईच्या हवेत तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते. कार्बोरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, उघडायला सुई किंवा तार आत खुपसू नये, भोक मोठं होतं. वायरीतला तांब्याचा एक केस पुरतो.

स्पार्कचं काम मला सगळ्यात आवडलं, कारण त्यात सगळं डोळ्यांना दिसतं. पॉइंट, म्हणजे एकमेकांपासून उघडताच प्लगला ठिणगी पाडणारे धातूचे दोन तुकडे, काळे पडले होते. बारीक पॉलिश पेपरने घासले, कंडेन्सर नवा टाकला, फिलर गेजने फट ०.४ मिमी धरली. नेमक्या कोणत्या क्षणी पॉइंट उघडतात ते बघायला पॉइंटला एक छोटा बल्ब जोडायचा आणि प्लगच्या भोकातून पिस्टन वर यायला किती मिलिमीटर बाकी आहेत ते मोजायचं. मामा म्हणतो, त्यांच्या वेळी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचे. तो सुटला की तोच टायमिंगचा, म्हणजे ठिणगीचा, क्षण. मी दोन्ही करून पाहिलं, उत्तर एकच आलं.

आणि गाडी सुरू झाली. चौकात, रविवारी सकाळी, फार खळखळ न करता. पहिल्या मजल्यावरून टाळ्याही पडल्या. पण मला तो आवाज बरा वाटेना. ॲक्सिलरेटर सोडलेला असूनही इंजिन आपोआप चढत होतं, आणि डाव्या-उजव्या दोन्ही सायलेन्सरमधून धूर येत होता तो पांढरा, दाट, थांबायचं नाव न घेणारा. समोरच्या काकू ओरडल्या, ‘अगं, डास मारायला आलीयस का?’ मी चावी बंद केली.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं घर, ही नुसती तेलाची पेटी नसते. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि पिस्टन खाली येताना तिथून दाबून वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना रबरी ऑईल सील असतात, आणि ते हवाबंद राहिले तरच गाडी नीट चालते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत हे रबर कडक होतं. रोडकिंगमध्ये उजव्या बाजूला वीज तयार करणारा भाग आहे. तिकडचा सील गेला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि इंजिन आपोआप चढतं. डाव्या बाजूला क्लच आणि त्याची साखळी तेलात बुडालेली असते. तिकडचा सील गेला की ते तेल क्रँककेसमध्ये ओढलं जाऊन जळतं, आणि त्याचाच तो धूर. माझ्या गाडीचे दोन्ही गेले होते. गिअर ऑईल तपासलं तर पातळी खरोखरच उतरलेली. ह्या अवस्थेत गाडी ‘चालू आहे’ म्हणून फिरवणाऱ्यांची पुढे गाडी जॅम होते, कारण पातळ मिश्रणात पिस्टनला तेलही कमी मिळतं.

थोडक्यात, फुल इंजिन, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायचं. चौकात फ्रेमखालून इंजिन काढलं आणि शेजारच्या मुलाच्या मदतीने आमच्या खोलीत आणलं. वर्तमानपत्रांवर एक-एक भाग, प्रत्येक कप्प्यासाठी आईस्क्रीमचा रिकामा डबा, डब्यावर पेनाने नाव. क्लच आणि रोटर (वीज तयार करणाऱ्या भागातलं फिरणारं चाक) काढायला पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लागतो. तिथे हातोडी चालवली की क्रँक वाकतो. क्रँककेसचे दोन भाग वेगळे झाले तेव्हा आतून काळा चिखल निघाला आणि बेअरिंग फिरवल्यावर वाळू दळल्यासारखा आवाज.

गिरगावात राहायचा फायदा इथे कळतो. ऑपेरा हाऊसला सुट्या भागांची दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर. बेअरिंग आणि सीलसाठी मात्र मी तिथे गेलेच नाही, नागदेवीच्या बाजारात गेले. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि सीलची आतली, बाहेरची मापं व जाडी मोजता येते. ते सांगितलं की गाडीचं नाव विचारायचीही कुणाला गरज नसते, आणि माल चांगल्या कंपनीचा मिळतो. फक्त बेअरिंग सी-३ मागायचं, म्हणजे आत किंचित जास्त मोकळीक असलेलं. तापलेल्या इंजिनात साधं बेअरिंग घट्ट बसतं. गाडीचं नाव सांगितलं की त्याच वस्तूची किंमत वाढते, हा माझा अनुभव. मूळ काचेचा मागचा दिवा चोरबाजारात शुक्रवारी पहाटे, फुटपाथवर पसरलेल्या ढिगात सापडला. तिथे घासाघीस करताना येझदीचं नाव चुकूनही काढलं नाही.

क्रँकचं काम घरी होत नाही. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा, वर-खाली हलत होता. बाजूला किंचित हलला तर चालतं, वर-खाली अजिबात नको. लेथवाल्याने प्रेसवर क्रँक उघडून नवं रॉड किट टाकलं आणि डायल गेज लावून सरळ केलं. बोअर ०.५० ओव्हरसाइजला गेलं, म्हणजे भोक अर्धा मिलिमीटर मोठं करून तेवढाच मोठा पिस्टन. मी पिस्टन आधी घेऊन गेले होते. पिस्टन हातात असल्याशिवाय बोअर करू देऊ नका, कारण किती फट ठेवायची ते त्या पिस्टनवर ठरतं.

बेअरिंग बसवायचा दिवस आईला अजून आठवतो. नवी बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी, आणि क्रँककेस स्वच्छ धुऊन जुन्या तव्यावर मंद आचेवर. ॲल्युमिनियम तापून फुगतं, पोलाद थंडीने आकसतं. मग बेअरिंग बोटाच्या दाबाने आत जातं, ठोकाठोक नाही. आई म्हणाली, ‘झालं की तो तवा इकडे आणू नकोस.’ तवा आता माझ्या हत्यारांत आहे.

रंगावरून सगळ्यांशी वाद झाला. एवढं केलंस तर रंगही करून घे, असं चाळीतल्या प्रत्येकाने सांगितलं. मी नाही केला. टाकीवरचा मरून रंग गुडघ्याच्या जागी घासला गेलाय, डाव्या मडगार्डला पोचा आहे, क्रोमवर ठिपके आहेत. ते गंज थांबेल एवढं पुसून, मेण लावून ठेवलं. रंगाचे पैसे टायर, ट्यूब, ब्रेक लायनर, केबल आणि पूर्ण वायरिंगला गेले. जुने टायर वरून चांगले दिसत होते, पण बाजूला चिरा होत्या. ड्रम ब्रेकची जुनी धूळ ओल्या फडक्याने पुसायची, फुंकर मारून उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

दुसऱ्या वेळी सुरू केली तेव्हा इंजिन खाली येऊन एका लयीत टिकलं. धूर निळसर, थोडा, तापल्यावर आणखी कमी. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टू-टी ऑईल (टू-स्ट्रोकचं तेल) घालते. आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. ते जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं, म्हणून नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या टाकल्या, आणि गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवते.

नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही, त्यामुळे तपासणीला ती छोटा हत्ती टेम्पोमध्ये बसून गेली. इतक्या जुन्या नंबरची संगणकावर नोंदच नव्हती. आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, मग नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, मग नूतनीकरणाचा फॉर्म २५. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलला ऑगस्ट २०२५ पासून नूतनीकरणाचं शुल्क २,००० रुपये झालं आहे, उशिराचे महिन्याला ३०० वेगळे, शिवाय पर्यावरण कर. बंद गाडी घेणाऱ्यांनी हा हिशेब गाडीच्या किमतीआधी करावा. व्हिंटेजची सवलत पन्नास वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही, म्हणजे मला २०३६ची वाट बघावी लागेल. पीयूसीची भीती होती, पण ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. इंजिन पूर्ण तापवून नेलं, प्रमाणपत्र निघालं. तपासणीत चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतला. तो नंबर स्पष्ट उमटला तेव्हा टूथब्रशचं सार्थक झालं.

आता रनिंग-इन, म्हणजे नवे भाग एकमेकांत रुळेपर्यंत हळू चालवणं, चालू आहे. कोस्टल रोडवर दुचाकीला बंदी, सी-लिंकवर बंदी, जेजे उड्डाणपुलावरही बंदी. त्यामुळे सकाळी लवकर मरीन ड्राइव्ह ते नरिमन पॉइंट आणि परत, एकाच वेगात न चालवता, फार न ताणता. वाळकेश्वरचा चढ इतक्यात नाही. सुरुवातीच्या किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा आवळले, पॉइंटची फट पुन्हा पाहिली. थोडी बदललीच होती. डाव्या सायलेन्सरच्या रिंग नटजवळ तेल झिरपतंय. नट आवळून झाला, थांबत नाही. आता शनिवारी ऑपेरा हाऊसहून नवी गॅस्केट आणायची आहे, आणि ह्या वेळी जरा जाड बघणार आहे.