वूयीशानचा धुरी दिलेला चहा

चीनमधल्या वूयीशानच्या डोंगरांत जाणारे बहुतेक जण दोन गोष्टी करतात: कड्यावरच्या दा हाँग पाओ या प्रसिद्ध चहाच्या जुन्या झुडपांचे फोटो काढतात आणि बांबूच्या तराफ्यावर बसून नऊ वळणांच्या नदीतून फिरतात. मीही दोन्ही केलं. छान आहे, गर्दी फार. मला खरी ओढ होती ती थोंगमूची. लॅपसांग सूचाँग नावाने जगभर गेलेला, धुरी दिलेला चहा या डोंगरातल्या गावचा. पण गाव राखीव जंगलात आहे, वाटेवर चौकी आहे आणि परदेशी माणसाला आत सोडत नाहीत. मग खाली गावात चहाची दुकानं पालथी घातली.

एका दुकानाच्या मालकीणबाई थोंगमूच्याच निघाल्या. मोबाइलवरच्या भाषांतरावर आमचा संवाद चालला. त्यांनी त्यांच्याकडच्या लाकडी धुरीघराचा फोटो दाखवला. तळाशी पाइनची लाकडं जळतात, वरच्या मजल्यांवर चटयांवर पानं पसरलेली. आधी त्या उबेवर पानं कोमेजवायची, मग मळायची, तांबूस होऊ द्यायची आणि शेवटी खालच्या मजल्यावर धुरात वाळवायची. हे सगळं सुरू कसं झालं? सैनिकांनी गावात तळ ठोकल्यामुळे पानं वाळवायला उशीर झाला, म्हणून घाईने पाइनच्या जाळावर वाळवली, अशी दंतकथा सांगतात. मला ती जरा जास्तच सोयीची वाटते!

चहा मात्र त्यांनी घाई न करता केला. गायवान म्हणजे झाकणाची, बिनकानाची चिनी मातीची वाटी. आधी ती गरम पाण्याने विसळली. त्यात साधारण 5 ग्रॅम पानं टाकली, झाकण लावून हलवली आणि झाकण माझ्या नाकाशी धरलं. चुलीवर तापवलेल्या आंघोळीच्या पाण्याला येतो तसा वास! मग उकळी नुकतीच शांत झालेलं पाणी, 100 मिलिलिटरच्या आसपास, कडेकडेने ओतलं. थेट पानांवर नाही. काठोकाठही नाही, कारण अंगठा आणि मधलं बोट काठावर धरून, तर्जनीने झाकण दाबून वाटी कलंडवायची असते. सात-आठ सेकंदांत सगळा चहा एका काचेच्या चंबूत, आणि तिथून छोट्या पेल्यांत, म्हणजे कुणाला कडक, कुणाला फिका असं होत नाही. पुढच्या प्रत्येक वेळी काही सेकंद जास्त. त्याच पानांवर सहा-सात वेळा चहा निघाला. तिसऱ्या-चौथ्या पेल्यापर्यंत धूर मागे सरला आणि सुकवलेल्या लोंगनची (लिचीच्या जातकुळीतलं फळ) गोडी पुढे आली. साखर आठवलीही नाही.

गायवान नसेल तर मोठ्या कपात 2-3 ग्रॅम पानं, 200 मिलिलिटर गरम पाणी, तीन मिनिटं, आणि गाळून घ्या. पातेल्यात आलं घालून खळाखळा उकळायचा हा चहा नव्हे. काहीजण यात दूधही घालतात. मला नाही रुचत.

गंमत म्हणजे मालकीणबाई स्वतः बिनधुराचाच पितात. तिथल्या गिऱ्हाइकांना आता तोच हवा असतो, कडक धुराचा जास्त करून परदेशी जातो. 2005 साली इथेच निघालेला, निव्वळ कोंबांचा चिन चुन मेईही त्यांनी पुढे केला. भाव ऐकून मी हात जोडले आणि धुराचाच पाव किलो बांधून घेतला. त्यांनी वर सांगून ठेवलं: डबा घट्ट लावा आणि दुसऱ्या चहाशेजारी ठेवू नका, त्यालाही वास लागतो.