उभ्या गाडीला ठोकून गेलेला माणूस: श्टुटगार्टचा आणि गंगापूर रोडचा

जर्मनीत रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीला कोणाचा धक्का लागला आणि चालक तसाच निघून गेला, तर त्याचा गुन्हा धक्का देण्याचा नसतो, निघून जाण्याचा असतो. इथल्या दंडसंहितेच्या कलम १४२ प्रमाणे त्यासाठी दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुकसान मोठे असेल तर परवानाही जातो, आणि पळालेल्याची विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन झाल्यावर त्यातील २,५०० युरोपर्यंत, गंभीर प्रसंगी ५,००० युरोपर्यंत रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की गेल्या वर्षी आमच्या घरच्या दोन गाड्या, माझी श्टुटगार्टमध्ये आणि बाबांची नाशिकला गंगापूर रोडवर, उभ्या जागी ठोकल्या गेल्या. दोन्हीकडे ठोकणारा पसार झाला आणि दोन्हीकडच्या व्यवस्थेचा अनुभव आम्हाला पाठोपाठ घ्यावा लागला.

आपल्याकडे ठोकणाऱ्याने वायपरखाली चिठ्ठी खोचून नाव आणि मोबाइल नंबर ठेवला, तर सोसायटीत आठवडाभर त्याचे कौतुक होईल. इथे नुसती चिठ्ठी पुरत नाही. गाडीमालकाची पुरेसा वेळ वाट पाहायची आणि तो आला नाही तर विनाविलंब पोलिसांना किंवा मालकाला कळवायचे, हे ठोकणाऱ्याचे कर्तव्य आहे. चिठ्ठी ठेवून घरी गेलेल्या प्रामाणिक माणसावरही गुन्हा दाखल होऊ शकतो, हे मला सुरुवातीला फारच कठोर वाटले होते. किती वेळ थांबायचे ते कायद्यात मिनिटांत दिलेले नाही. जागा, वेळ आणि नुकसान पाहून ते ठरते. घाबरून निघून गेलेल्यासाठी परतीची एक वाट मात्र ठेवली आहे. गाडी लावता-काढताना झालेले किरकोळ नुकसान असेल आणि चालकाने चोवीस तासांच्या आत आपणहून कळवले, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते किंवा माफ करू शकते.

माझ्या गाडीचा मागचा दरवाजा आत गेला होता आणि पत्र्यावर निळ्या रंगाचा लांब ओरखडा होता. पोलीस आले, त्यांनी ओरखड्यात राहिलेला परका रंग बारकाईने पाहिला, जमिनीपासूनची उंची मोजली, फोटो काढले आणि अज्ञात व्यक्तीविरुद्ध तक्रार नोंदवून मला क्रमांक दिला. एवढ्याशा पोच्यासाठी आम्हाला कशाला बोलावले, असा भाव कोणाच्याही चेहऱ्यावर नव्हता. शोधाचे साधन मात्र त्यांच्या हाती फारसे नव्हते, कारण खासगीपणाच्या कायद्यामुळे इथे दुकानदाराला सार्वजनिक रस्त्यावर रोखलेला कॅमेरा सहसा लावता येत नाही. डॅशकॅमचे, म्हणजे गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्याचे, चित्रण दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालू शकते, हेसुद्धा इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर स्पष्ट झाले. त्यामुळे पोलिसांची सगळी भिस्त समोरच्या खिडकीत बसणाऱ्या आजींवर होती, आणि त्या नेमक्या त्या दिवशी मुलीकडे गेल्या होत्या. पुढे सरकारी वकिलांच्या कार्यालयाचे पत्र आले की आरोपीचा शोध न लागल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

मग उरला विमा. ठोकणाऱ्याचा क्रमांक माहीत असता, तर विमा कंपन्यांच्या मध्यवर्ती कक्षाला फोन करून त्याची कंपनी कोणती ते कळले असते आणि सक्तीच्या विम्यातून पूर्ण भरपाई मिळाली असती. एवढेच काय, दुरुस्ती न करताही अंदाजपत्रकाप्रमाणे, विक्रीकर वगळून, रोख रक्कम घेता आली असती. क्रमांकच नसल्यामुळे माझ्या स्वतःच्या सर्वंकष विम्याकडे वळणे भाग होते. त्यात सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरायची असते आणि दावा केल्यावर सवलतीचा वर्ग (दाव्याविना गेलेल्या वर्षांवरून ठरणारी हप्त्याची पायरी) घसरून पुढची काही वर्षे हप्ता वाढतो. चोरी, काच, गारपीट एवढ्यापुरता अर्धा विमा घेतलेल्यांना तर अशा वेळी काहीच मिळत नाही. म्हणजे कायदा एवढा कडक असूनही ठोकणारा सापडला नाही, तर भुर्दंड गाडीमालकालाच पडतो.

बाबांच्या गाडीचा बंपर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठोकला गेला. त्यांनी फोनवर सांगितले, "अरे, मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात टेम्पो स्वच्छ दिसतोय, पण नंबरप्लेटवर झेंडूची माळ लोंबतेय." माळेखालून एमएच १५ आणि शेवटचा एक आकडा, एवढेच वाचता येत होते. एमएच १५ नाशिकचेच असल्याने त्यावरून काही निष्पन्न होण्यासारखे नव्हते. तरीही जे श्टुटगार्टच्या पोलिसांना मिळाले नाही, ते नाशिकच्या मेडिकलवाल्याने चहा पाजून दाखवले, याची नोंद घेतली पाहिजे. गंगापूर रोड असो की कॉलेज रोड, दर दुकानावर कॅमेरा आहे. अडचण एवढीच की डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, जागा भरली की जुने चित्रण पुसले जाते, म्हणून त्याच दिवशी जाऊन ते पेन ड्राइव्हवर घेतले पाहिजे. पूर्ण क्रमांक मिळाला असता, तर एमपरिवाहन या सरकारी ॲपवर त्या वाहनाचा विमा चालू आहे की नाही, हेही घरबसल्या कळले असते.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी बाबांना शांतपणे विचारले, "काका, कोणाला लागलं का? नाही ना? मग इन्शुरन्समधून करून घ्या." अशा वेळी आपला कायदा मुका असतो असा अनेकांचा समज असतो, पण तसे नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ फक्त जखमींपुरते नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, आणि फार तर चोवीस तासांत, कळवले पाहिजे असे त्यात आहे, आणि तसे न केल्यास कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे चोवीस तासांची मुदत दोन्ही देशांत आहे. जर्मनीत तिची भीती वाटते, नाशिकला ती कोणाला ठाऊक नसते. बाबांनी आग्रहाने लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घेतली, ते योग्यच केले असे मला वाटते. वृत्तपत्रांत हिट अँड रनच्या भरपाईचे जे आकडे येतात, मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये, ते २०२२ पासूनच्या योजनेतील असून फक्त माणसांसाठी आहेत, गाडीच्या पत्र्यासाठी नाहीत. टेम्पो सापडला, तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून नुकसानीची मागणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे घटनेपासून सहा महिन्यांत करता येते. बंपरसाठी तिथे कोण जाईल, हा प्रश्न वेगळा.

स्वतःच्या विम्यातून दावा करावा की नाही, याचा हिशेब बाबांनी, बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे, पाठकोऱ्या कागदावर मांडला, आणि तो मी इथे मुद्दाम देतो. गॅरेजवाल्याचे बिल ८,००० रुपये. बंपर प्लास्टिकचा, त्यामुळे झिरो डेप (घसारा न कापण्याचे जोडकलम) नसलेल्या पॉलिसीत त्याच्या किमतीतून निम्मी घसाऱ्यापोटी कापली जाते. रंगाच्या साहित्यावरही निम्मी कपात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये वजा. हाती येणार साधारण साडेचार हजार. दुसऱ्या बाजूला, त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, ५० टक्क्यांवर पोहोचलेला. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्य होतो आणि मग २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० व्हायला वर्षे लागतात. दरवर्षी हुकलेली सवलत मांडली तर ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, म्हणजे बेरीज १२५ टक्के. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीपुरता हप्ता ९,००० रुपये धरला, तर हे ११,२५० रुपये होतात; आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, दरवर्षी घटते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. साडेचार हजार घेण्यासाठी दहाच्या वर घालवायचे, हे कोणत्याही बँकवाल्याला पटणार नाही. बोनस सुरक्षित ठेवणारे जोडकलम पॉलिसीत असते, तर उत्तर उलटे आले असते.

माझ्या दरवाजाचे बिल युरोमध्ये चार आकडी होते, त्यामुळे मी दावा केला. इथल्या अनेक कंपन्यांत मिळालेली रक्कम ठरावीक मुदतीत परत भरून आपला वर्ग वाचवण्याची सोय असते; तिचाही हिशेब मी बाबांकडून करून घेतला आणि ती न वापरण्याचे ठरवले. बाबांनी दावा न करता सातपूरला बंपर न बदलता सांधून घेतला आणि रंग मारून घेतला. अर्जाची पोच आणि चित्रणाचा पेन ड्राइव्ह त्यांनी पॉलिसीच्या फायलीत लावून ठेवला आहे, कारण टेम्पोचा पूर्ण क्रमांक सहा महिन्यांच्या आत मिळालाच तर तो कागद लागणार आहे.