बर्लिनमध्ये दूध कुठे कुठे लपलेलं असतं

बर्लिनला यायचं ठरलं तेव्हा आईची एकच काळजी होती, "तिकडे तू खाणार काय?" त्यात मी पुण्यात असतानाच दूध-तूप सोडलेलं. सॉसेज आणि चीजच्या देशात वरणावर तूपही न घेणारी मुलगी वाळून जाणार, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

झालं उलटंच. इथे विद्यापीठाच्या कँटीनला मेन्सा म्हणतात. हार्डेनबर्ग रस्त्यावर, टीयू बर्लिन या तंत्रविद्यापीठापाशी, २०१९ मध्ये उघडलेली एक मेन्सा तर पूर्ण व्हीगन, म्हणजे मांस सोडाच, दूध-तूप-अंडंही नाही. २०२१ च्या हिवाळी सत्रापासून शहरातल्या बाकीच्या मेन्सांनीही मेन्यूतले मांस-मासे जेमतेम ४ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. दर तीन प्रकारचे: विद्यार्थ्यांना सगळ्यांत स्वस्त, मग कर्मचारी, मग पाहुणे. चवीचं मात्र विचारू नका. पहिल्या दिवशी मसुराचं सूप दिसलं, म्हटलं चला, आमटी मिळाली! त्यात व्हिनेगर. तेव्हापासून दप्तरात लाल तिखटाची डबी असते.

फसगत झाली ती दुकानात. पेपरिका चिप्सचं पाकीट, वर लाल मिरचीचं चित्र. अर्धं संपल्यावर मागे वाचलं: 'झ्यूसमोल्केनपुल्वर'. चीज करताना दूध फाटून जे पाणी उरतं, त्याची पावडर! बटाट्याच्या चिप्सना ती कशाला लागते, देव जाणे. एक सोय आहे. युरोपात अ‍ॅलर्जीचे १४ घटक यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात, त्यामुळे नजर थेट ठळक अक्षरांवर टाकायची. मिल्श म्हणजे दूध, मोल्के म्हणजे हे फाटलेलं पाणी, आय म्हणजे अंडं. (हे शेवटचं सांगितल्यावर आईने फोन बाबांकडे दिला.) खाली 'श्पूरेन', म्हणजे अंश असू शकतील, असं लिहिलेलं असतं; ती सूचना अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी, मी बिनधास्त घेते.

ओटच्या दुधाला खोक्यावर दूध म्हणता येत नाही, तसा युरोपीय कायदाच आहे. म्हणून 'हाफरड्रिंक' शोधायचं. आपल्यासारखं ते आलं घातलेल्या चहात खळखळून उकळलंत तर चहाची पेज होते. गॅस बंद करून मग घाला.

सगळ्यांत अवघड जागा कुठली? आपलीच हॉटेलं. जर्मन वेटरला 'व्हीगन' एवढा शब्द पुरतो. एका भारतीय हॉटेलात मी डाळ व्हीगन आहे ना विचारलं, तर काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "प्युअर व्हेज, बेटा." डाळ आली, वर क्रीमची पांढरीशुभ्र नक्षी. आता मी दूध, दही, तूप, लोणी, पनीर, क्रीम अशी अख्खी आरती म्हणते.

पोट खरं भरतं ते नॉयक्योल्न भागातल्या तुर्की दुकानांच्या जिवावर. लाल मसूर, कोथिंबिरीच्या जुड्या, कधीकधी तळहातात मावतील एवढी वांगी. रविवारी सगळं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पिशवी घेऊन धावते. घरून आणलेला गोडा मसाला आणि दाण्याचं कूट भरलं की भरली वांगी तयार. फोटो आईला पाठवला. ती खूश झाली, तेलाचा तवंगही तिला पसंत पडला.

मग हळूच म्हणाली, "पण घरी कढवलेलं साजूक तूप तर चालत असेल ना गं?"