हजार सीसी आणि आमचा बोळ

मागच्या दिवाळीत माझा मावसभाऊ त्याची कावासाकीची हजार सीसीची झेडएक्स-10आर घेऊन पुण्याहून आला आणि काही विचार न करता गाडी सरळ आमच्या बोळात घातली. साताऱ्यातल्या जुन्या पेठा ज्यांनी बघितल्यात त्यांना कळेल, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घरं, बोळ उताराचा आणि पुढं बंद. म्हणजे गाडीचं तोंड खाली, मागं चढ, आणि स्पोर्ट बाईकला रिव्हर्स गिअर नसतो. त्यात या गाड्यांचं हँडल पुरतं वळतच नाही, थोडं जास्त वळवलं की अंगठा टाकी आणि हँडलच्या मधे चेमटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं आणि कोपऱ्यावरच्या गिरणीतला पोरगा, असे तिघं मिळून 207 किलोचं धूड मागं ओढत होतो, भाऊ वर आणि ओरडतोय "फेअरिंगला हात लावू नका, फेअरिंगला हात लावू नका", फेअरिंग म्हणजे गाडीच्या अंगावरचं प्लास्टिक, मग ते सोडून धरायचं कुठं ते पण सांग की. आमची आई गॅलरीतून बघत होती, म्हणाली "एवढ्या पैशात ट्रॅक्टर आला असता, तो निदान मागं तरी जातो."

तर ही पोस्ट त्यावरच आहे. मला कॉलेजपासून मोठी स्पोर्ट बाईक घ्यायची होती, दहा वर्षं यामाहाची दीडशेच्या घरातली आर15 चालवली, आता चाळिशी जवळ आली, पोरीच्या शाळेची फी वगैरे जाऊन थोडे पैसे बाजूला पडले, आणि प्रश्न एकच, सहाशेच्या घरातली घ्यायची की थेट हजार. सहा महिने माझं डोकं यातच होतं. बायको म्हणायची झोपेत पण सीसी मोजतोस.

त्याच दिवशी गाडी एकदाची वर आल्यावर भावानं चावी माझ्या हातात दिली. जा म्हणाला कासला जाऊन ये, पण रेन मोडमध्येच (पावसासाठीचा, ताकद कमी ठेवणारा) ठेव, मी उठून बघणार नाही पण मला कळेल. यवतेश्वरचा घाट मी आर15 वर डोळे झाकून चढतो असं मित्रांना सांगत असतो, तोच घाट त्या दिवशी मी नवशिक्यासारखा चढलो. सगळा घाट पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये. थ्रॉटल किती फिरवला म्हणाल तर करंगळीच्या पेराएवढा, त्यापुढं हात जायलाच तयार नाही. वळणातून बाहेर पडताना जरा पिळलं की पुढचं वळण अंगावर येतं, मग ब्रेक, मग परत वळण, आणि एका हेअरपिनला बरोबर मधोमध ओलं शेण. ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक घसरायला लागलं की ताकद कापतो त्याचा, दिवा एकदा लुकलुकला आणि माझ्या पोटात गोळा आला. कासच्या पठारावर पोचलो तेव्हा फुलांचा सीझन संपलेला, पर्यटक नाहीत, एका टपरीवर चहा घेतला तर कप धरलेला हात थरथरत होता. थंडीनं म्हणा.

परत येताना गावात पोवई नाक्यावर अडकलो, वर सिग्नलजवळ दहा मिनिटं. रेडिएटरचा पंखा चालू झाला आणि गरम हवा सरळ मांडीवर, जीन्स आहे का नाही कळेना. शेजारी एक काका स्प्लेंडरवर, कौतुकानं बघून म्हणाले "किती देती?" मी म्हणलं पंधरा. काका काही बोलले नाहीत, नुसते पुढं बघायला लागले.

मग मी हायवेला घातली, कारण एकदा तरी बघायचं होतं. वाढे फाट्याच्या पुढं रस्ता मोकळा दिसला, तिसऱ्या गिअरमध्ये जेमतेम चार सेकंद उघडली. आकडा सांगत नाही, मोठी बहीण हे वाचते. एवढंच सांगतो की त्या चार सेकंदात मला दोन गोष्टी कळल्या, एक म्हणजे लोक या गाड्यांसाठी एवढे पैसे का घालतात, आणि दुसरी म्हणजे समोरून कडेकडेनं उलट्या दिशेनं दुधाच्या किटल्या लावून येणारा एम80 वाला आपल्याला आधी ठिपका दिसतो आणि लगेच माणूस दिसतो, मधलं काही दिसतच नाही. चौपदरी हायवेला दुचाकीची मर्यादा 80 ची आहे. हजारची गाडी नुसत्या पहिल्या गिअरमध्ये पूर्ण ओढली तरी 130-140 च्या पुढं जाते. म्हणजे कायद्यानं वागायचं तर उरलेले पाच गिअर नुसते शोभेला.

आता इथं सगळे म्हणतात, मग सहाशे घे की, मधला मार्ग. मला पण हेच वाटायचं. पण "मिडसाईज" या एका शब्दात दोन पूर्ण वेगळ्या गाड्या बसवल्यात आणि इथंच लोकांची गडबड होते. एक आहे कावासाकीच्याच निंजा 650 सारखी, दोन सिलेंडरची. दुसरी झेडएक्स-6आर, 636 सीसी, चार सिलेंडर. सीसी जवळपास तेवढीच, उलट दुसरीची जराशी कमीच. पण पहिलीला 68 पीएस (म्हणजे घोडे) आणि दुसरीला सव्वाशेच्या आसपास. दुप्पट कशी काय? टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, बघितला तर अजून गंमत, 64 न्यूटन मीटर आणि 69, म्हणजे जवळजवळ सारखाच. फरक एवढाच की निंजा 650 तो टॉर्क 6,700 आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) देते आणि झेडएक्स-6आर 11,000 च्या आसपास.

आमच्या आजोबांची विहिरीवर मोट होती, ते मी स्वतः बघितलेलं नाही पण ऐकून ऐकून पाठ झालंय. मोट तेवढीच, पण बैलांनी तासाला दुप्पट खेपा मारल्या तर पाणी दुप्पट. पॉवर म्हणजे हेच, टॉर्क गुणिले फेरे. सहाशेची चार सिलेंडरवाली बारकी मोट भयानक वेगानं ओढते. त्यासाठी पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरखाली जायचं अंतर, आखूड ठेवतात, झेडएक्स-6आरचा 67 मिलिमीटर बोअर (सिलेंडरची रुंदी) आणि स्ट्रोक फक्त 45 च्या आसपास, म्हणून ती एवढी फिरू शकते. पण बैल पळायला लागेपर्यंत पाणी येत नाही ना. घाटात पाच-सहा हजार आरपीएमला ती गाडी आळसावलेली असते, खरी मजा दहा हजारच्या पुढं, आणि दहा हजारच्या पुढं ती पण पहिल्या गिअरातच शंभरी गाठते. म्हणजे पोलीस, खड्डे, एम80, सगळे प्रश्न तेच, फक्त आवाज जास्त. हजारची मोट मोठी पण आणि खेपा पण जोरात, ती खालून पण ओढते आणि वरून पण, म्हणून खरं सांगायचं तर रोजच्या रस्त्यावर हजारची चालवायला सहाशेच्या चार सिलेंडरवाल्यापेक्षा सोपी वाटते. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सांगलीचा माझा एक मित्र हेच मला वर्षभर सांगत होता. त्याच्याकडं हजारची आहे आणि तो सुखी आहे. तो म्हणतो "आरं शंभरला सहाव्या गिअरात चार हजारला गुणगुणत जाती, गिअर बदलायचं कामच न्हाय, तुझी सहाशे तिथं किंचाळत असती." बरोबर आहे त्याचं. पण तो सहा फूट उंच, वजन पंच्याण्णव, घर गावाबाहेर, पुढं अंगण एवढं की त्यात गाडी गोल फिरते, आणि पहाटे पाचला निघून सरळ बेळगावला नाष्टा करून येणारा माणूस. सांगली-मिरजेकडं घाट नावाची भानगडच नाही, रस्ता सपाट. त्याच्या जागी मी असतो तर मी पण हजारच घेतली असती. ऊसाच्या सीझनला मात्र तो पण गाडी झाकून ठेवतो, दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, रस्त्यावर चिखल आणि उसाची पडलेली चिपाडं, त्यावर दोनशे घोडे काय करणार.

एक गोष्ट मला फार आवडली, म्हणजे विषय सोडून आहे थोडी. मोटोजीपी, म्हणजे बाईक रेसिंगची सगळ्यात वरची स्पर्धा, 2027 पासून हजार सीसी सोडून 850 वर येतंय. आणि त्याच्या खालच्या मोटो2 मध्ये 2019 पासून सगळ्यांना ट्रायम्फचं एकच 765 सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन आहे. जगातले सगळ्यात भारी रायडर, मोकळा ट्रॅक, कडेला खडी नाही म्हशी नाहीत, तिथं सुद्धा हजार जास्त होतंय असं ठरवलं, आणि आम्ही इकडं केळघर घाटात हजार कमी पडेल का यावर रात्री दोनपर्यंत चर्चा करतोय.

पैशाचं पटकन सांगतो. 350 सीसीच्या वर सगळ्यांना जीएसटी 40 टक्के, सप्टेंबर 2025 पासून. त्यामुळं केटीएमची आरसी 390 घ्या नाहीतर सुझुकीची भलीमोठी हायाबुसा, टक्केवारी तीच (आणि आरसी आपल्या चाकणला बनते, एप्रिलिया आरएस 457 तर बारामतीला, तरी पण तीच). थर्ड पार्टी इन्शुरन्सचं पण तसंच, 350 च्या वर एकच स्लॅब, 2022 च्या दरानं 2,804 रुपये. म्हणजे इथं मोठी आणि लहान यात काही फरक नाही, फरक आहे तो मूळ किमतीत, निंजा 650 आणि झेडएक्स-10आर मधे नवीन घेताना दहा लाखाच्या आसपास किंवा जास्तच जातो. मग ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम त्या हिशोबात वाढतो. आणि टायर. 650 चा मागचा 160 मिलिमीटर रुंदीचा, हजारचा 190 चा, आणि भाऊ म्हणतो त्याचा मागचा टायर सहा हजार किलोमीटरला टक्कल पडतो. माझ्यासाठी सर्विस म्हणजे पुणे, जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर, वाटेत खंबाटकी, एक दिवसाची रजा. हे कुणी हिशोबात धरत नाही.

तरी पण मी सहाशेच्या चार सिलेंडरवाल्याच्या मागं लागलोच, कारण तो आवाज. एक सेकंडहँड बघायला गेलो, गाव सांगत नाही, डीलरचं नाव पण सांगत नाही. कर्नाटक पासिंग, चकाचक, फेअरिंग नवीकोरी, किमतीत बसत होती. एनओसी आणून इथला रोड टॅक्स परत भरायचा ते पण मी मनात मान्य करून टाकलेलं. बरोबर आमचा मेकॅनिक होता, तो सगळं सोडून खाली वाकला आणि हँडल एका बाजूला पूर्ण वळवून मोबाईलचा टॉर्च मारला. हँडल जिथं जाऊन अडतं तो फ्रेमवरचा छोटा ठोकळा असतो ना, स्टॉपर, तो चेपलेला. मला म्हणाला बघा दादा. नुसती स्टँडवरून पडलेली गाडी असेल तर लिव्हरचं टोक घासतं, इंजिनच्या कव्हरला ओरखडा येतो, पण स्टॉपर चेपत नाही, तो चेपतो म्हणजे गाडी पळताना जोरात आदळलीय आणि हँडल झटक्यात फिरलंय. डीलर म्हणत होता "एक डाव स्टँडवरून पडली व्हती फक्त." मग चेनच्या रेषेत मागून बघितलं तर पुढचं चाक आणि मागचं चाक एका ओळीत वाटेना. आम्ही चहा पिऊन निघून आलो. सेकंडहँड घेणाऱ्यांनी बाकी काही नाही बघितलं तरी तो स्टॉपर बघा, फेअरिंग कुणी पण नवीन लावतं, स्टॉपर कुणी बदलत नाही.

शेवटी काय घेतलं तर निंजा 650. एमएच-12 पासिंग, एका हाती वापरलेली, अकरा हजार किलोमीटर पळालेली, स्टॉपर सरळ. घरी आणली त्या दिवशी मित्रांनी व्हॉट्सॅपवर "टुरिंग अंकल" म्हणून चिडवलं, चिडवू देत. पहिल्याच रविवारी यवतेश्वर चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारला वळणात शिरायचं आणि बाहेर पडताना पूर्ण थ्रॉटल, खरंच पूर्ण, स्टॉपपर्यंत, एक सेकंद का होईना. हात सरळ, पाठ मोकळी. हजारवर मी सगळा घाट गाडीला धरून ठेवत होतो, इथं मी तिला हाकत होतो. वर चहा घेतला तेव्हा हात थरथरत नव्हता, मग मुद्दाम अजून एक घेतला.

आवाज मात्र नाही हो. दोन सिलेंडरचा आवाज म्हणजे पिठाची गिरणीच. भावाचा फोन आला की तो मुद्दाम गाडी चालू करून ऐकवतो, आणि मी दोन मिनिटं गप्प असतो, हे खोटं कशाला बोलू.

आणि बोळ. तिथं मी एक चूक केली, वजन बघितलंच नाही. मला वाटलं मधली गाडी म्हणजे बरीच हलकी असणार, म्हणून पहिल्या दिवशी ऐटीत थेट आत घातली, तोंड खाली. सकाळी ओढायला गेलो तर हलेना. पुस्तिका काढून बघितली, 196 किलो. सहा महिने डोकं खाऊन, लाखो रुपये वाचवून, अकरा किलो कमी. हँडल जरा जास्त वळतं आणि अंगठा चेमटत नाही, एवढंच. परत गिरणीतल्या पोराला हाक मारली. तो पिठाचे हात झाडत आला, मागून धरलं, एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दादा, ढकलायचीच व्हती तर ती मोठी घ्यायची की."